स्कायलॅब पहिल्या तुकडीने वाचवले ते नेमके कशापासून?

तुमचे प्रश्न तीन आहेत. अवकाश थंडगार असते असे आपण ऐकतो, मग १९७३ साली स्कायलॅब, म्हणजे अमेरिकेचे पहिले अवकाशस्थानक, तापले कसे? तापलेच होते तर ते सूर्यापासून थोडे फिरवून ठेवायचे सोडून तीन माणसांना छत्री घेऊन वर का पाठवले? आणि १९७९ मध्ये ते कोसळले ते याच मोडतोडीमुळे का? माझी सगळी नोकरी उपग्रहांच्या तापनियंत्रणात झाली. आमच्या विभागात नव्याने येणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला मी हे प्रकरण शिकवत असे, कारण या एका मोहिमेत आमचा जवळजवळ सगळा विषय येतो. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे लांबतील, तिसऱ्याचे लवकर आटपेल.

आधी घडले काय ते. १४ मे १९७३ रोजी केनेडी अवकाश केंद्रातून शेवटच्या सॅटर्न-५ रॉकेटने स्कायलॅब माणसांशिवाय वर गेले. स्थानकाचा मुख्य भाग, म्हणजे राहण्याची आणि कामाची 'वर्कशॉप', ही मुळात सॅटर्नच्या तिसऱ्या टप्प्याची हायड्रोजनची टाकी होती. साडेसहा मीटर व्यासाची ही टाकी आतून घरासारखी सजवली होती. तिच्याभोवती ॲल्युमिनियमच्या जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे कवच होते. उड्डाणात ते टाकीला घट्ट आवळलेले राहणार होते आणि कक्षेत पोचल्यावर सुमारे तेरा सेंटिमीटर बाहेर सरकणार होते. बारीक उल्का त्या पत्र्यावर फुटून विखुरतील आणि त्याच पत्र्याची सावली टाकीवर पडेल, असे दुहेरी काम त्याच्याकडे होते. उड्डाणानंतर ६३ व्या सेकंदाला, रॉकेट ध्वनीच्या वेगाच्या आसपास असताना, पत्र्याखाली हवा शिरली आणि कवच फाटून निघून गेले. जाताना त्याने एका सौरपंखाची, म्हणजे उन्हापासून वीज करणाऱ्या पॅनेलांच्या पंखाची, पकड सैल केली. पुढे दुसरा टप्पा वेगळा होताना त्याला मागे ओढणाऱ्या रेट्रो-रॉकेटांचा झोत बसून तो पंख मुळापासून तुटला. दुसऱ्या पंखाला कवचाचीच एक पट्टी अडकून बसली आणि तो उघडलाच नाही.

म्हणजे स्थानक कक्षेत पोचले, पण वर्कशॉपचे दोन्ही पंख निकामी. सौरदुर्बिणींच्या चौकटीवरची पवनचक्कीसारखी दिसणारी चार पॅनेल तेवढी उघडली होती. अपेक्षित विजेपैकी साधारण निम्मी वीज मिळत होती. आणि आतले तापमान चढू लागले होते, ते पुढे ५२ अंश सेल्सिअसपर्यंत गेले.

आता तुमचा पहिला प्रश्न. 'अवकाश थंड असते' या वाक्यातून काही कळत नाही. तिथे हवा नाही, त्यामुळे वस्तूची उष्णता वाऱ्याने वाहून जात नाही. वस्तू तापते उन्हाने आणि निवते फक्त स्वतःच्या प्रारणाने, म्हणजे तिच्यातून बाहेर पडणाऱ्या उष्णतेच्या किरणांनी. पृथ्वीजवळ प्रत्येक चौरस मीटरवर सूर्याची सुमारे १,३६१ वॉट ऊर्जा पडते. त्यातली किती शोषली जाते ते पृष्ठभागाच्या शोषकतेवर ठरते आणि किती उष्णता परत फेकली जाते ते त्याच्या उत्सर्जकतेवर. या दोन आकड्यांचे गुणोत्तर, म्हणजे शोषकता भागिले उत्सर्जकता, हेच आमच्या धंद्याचे भांडवल. सूर्याकडे तोंड केलेला, मागून पूर्ण झाकलेला सपाट पत्रा घ्या. गुणोत्तर एक असेल तर तो सुमारे १२० अंशांवर स्थिरावतो. चांगल्या पांढऱ्या रंगाचे गुणोत्तर पाव किंवा त्याहून कमी असते, तो पत्रा त्याच उन्हात शून्य-पाच अंशांच्या आसपास राहतो. आणि गुणोत्तर पाच असेल तर तो तीनशेच्या वर जातो. ऊन तेच आणि धातूही तोच, फरक फक्त वरच्या थराचा.

स्कायलॅबच्या टाकीवर वरचा थर कोणता होता? सोन्याचा. उपग्रहांच्या छायाचित्रांत दिसणारे सोनेरी आवरण बहुधा सोन्याचे नसते. ती कॅप्टॉन नावाच्या प्लास्टिकची पिवळसर फिल्म असते आणि तिच्या मागे ॲल्युमिनियमचा थर असतो. स्कायलॅबच्या भिंतीवर मात्र खरोखरीच सोन्याचा पातळ थर दिलेली फिल्म होती. हा निर्णय मूर्खपणाचा नव्हता. ती भिंत कवचाच्या आड राहणार होती. कवच कधी तापणार, कधी गारठणार. त्या चढउताराचा परिणाम भिंतीवर होऊ नये म्हणून दोघांमधली प्रारणाची देवाणघेवाण कमीत कमी ठेवायची होती, आणि त्यासाठी सोन्याइतके चांगले काही नाही, कारण सोन्याची उत्सर्जकता अगदी नगण्य असते. पण कवच गेले आणि हे सोने थेट उन्हात आले. उन्हात उभ्या केलेल्या स्कूटरच्या चकचकीत भागाला हात लावून पाहिला असेल तर तुम्हाला हे पटेल: दिसायला सगळा उजेड परतवणारा तो पृष्ठभाग बघताबघता चटका देण्याइतका तापतो, कारण शोषलेले थोडे ऊनसुद्धा त्याला बाहेर टाकता येत नाही. आडोसा असताना जो थर सर्वोत्तम होता, तोच आडोसा जाताच सर्वांत वाईट ठरला. भिंत गोलाकार होती, एक बाजू कायम सावलीत होती आणि सुमारे ९३ मिनिटांच्या प्रत्येक फेरीत काही काळ अंधार असे, म्हणून आकडे तीनशेपर्यंत गेले नाहीत, एवढाच काय तो दिलासा.

या उष्णतेने काय काय बिघडू शकत होते याची यादी मोठी होती. आतले अन्न, औषधे, फोटो फिल्म यांचा भरवसा उरला नाही, काही गोष्टी पहिल्या तुकडीला बदली म्हणून सोबत न्याव्या लागल्या. त्याहून गंभीर शंका वेगळी होती. टाकीच्या आतल्या बाजूला पॉलियुरेथेन फोमचे अस्तर होते. ते जास्त तापले तर त्यातून विषारी वायू सुटू शकतो. म्हणून माणसे पाठवण्याआधी आतला वायू अनेकदा बाहेर सोडून नायट्रोजन भरण्यात आला, आणि तरीही पहिल्यांदा आत शिरताना मुखवटा लावून हवेची तपासणी करावी लागली.

आता दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते खरी गोष्ट इथेच आहे. फिरवून ठेवलेच होते. उड्डाणानंतर लवकरच ह्यूस्टनच्या नियंत्रकांनी स्थानकाचे नाक साधारण ४५ ते ५० अंश वर केले, म्हणजे उघड्या भिंतीवर ऊन तिरके पडेल. तापमान आटोक्यात आले, पण चार ठिकाणी किंमत मोजावी लागली.

पहिली, वीज. जी चार पॅनेल उघडली होती ती सौरदुर्बिणींच्या दिशेनेच, म्हणजे सूर्याकडे तोंड करून जडवलेली होती. भिंत उन्हातून काढली की तीही काढली जात, आणि आधीच निम्मी असलेली वीज आणखी घटे. वीज हवी तर भिंत भाजणार, भिंत वाचवायची तर बॅटऱ्या उतरणार. दुसरी, गारठा. स्थानक तिरके केले की एअरलॉकच्या, म्हणजे आतली हवा न गमावता बाहेर पडण्याच्या कक्षाच्या, भागावर ऊन कमी पडे आणि तिथल्या पाण्याच्या नळ्या व उष्णता-विनिमयक गोठण्याच्या जवळ जात. पुढच्या खोलीत पाणी गोठायला आलेले आणि मागच्या खोलीत पन्नास अंश, अशी अवस्था होती. पाणी गोठून नळी फुटली असती तर ती वर जाऊन दुरुस्त करण्यासारखी नव्हती.

तिसरी किंमत सहसा कुणी सांगत नाही. स्कायलॅबला आपण कुठल्या कोनात आहोत हे सूर्य समोर असताना सूर्यवेधकांवरून कळे. तिरके केल्यावर तो आधार गेला आणि उरले जायरो, म्हणजे स्थानक किती फिरले ते मोजणारी उपकरणे, तीही तापून चुकीचे आकडे देऊ लागली होती. मग नियंत्रकांनी उलटा हिशेब केला: पॅनेलमधून येणारा विद्युतप्रवाह किती आणि ठिकठिकाणच्या तापमानमापकांचे आकडे किती, यावरून स्थानक किती अंश कलले असेल ते ठरवायचे. तापमानाचा उपयोग दिशादर्शक म्हणून. हे मी प्रत्येक वर्गात फळ्यावर मांडून दाखवत असे आणि दरवेळी मला त्या लोकांविषयी नव्याने आदर वाटे.

चौथी किंमत नायट्रोजन वायूची. स्थानकाची दिशा धरून ठेवण्याचे रोजचे काम तीन मोठ्या फिरत्या चाकांचे होते. ज्या स्थितीसाठी स्थानक आखले होते त्या स्थितीत गुरुत्वाकर्षणाचा पीळ चाकांना झेपण्याजोगा असतो. वेड्यावाकड्या कोनात ठेवले की पीळ साचत जातो, चाके भरून जातात, म्हणजे त्यांना आणखी पीळ सोसता येत नाही, आणि त्यांना मोकळे करायला थ्रस्टरमधून, म्हणजे दिशा बदलणाऱ्या छोट्या नळकांड्यांतून, वायू सोडावा लागतो. त्या दिवसांत हा वायू नियोजनापेक्षा कितीतरी वेगाने खर्च झाला, आणि तो वर नेऊन भरण्याची काही सोय नव्हती.

म्हणून मी म्हणतो की स्कायलॅब उष्णतेने मरायला टेकले नव्हते. तापमान, वीज, दिशा आणि वायू या चार गोष्टी एकाच कोनाला बांधल्या गेल्या होत्या, आणि कुठलाही कोन धरला तरी त्यांतली एकतरी संपत होती. छत्रीने भिंत गार केली हे खरेच, पण तिचे मोठेपण यात आहे की तिने तापमानाला त्या कोनापासून सोडवले. सावली सोबत आली की स्थानक पुन्हा सूर्याकडे सरळ करता येते. मग वीज मिळते, सूर्यवेधक काम करतात, नळ्यांना ऊब मिळते आणि वायूची उधळपट्टी थांबते.

हा आडोसा तयार करायला मिळाले दहा दिवस. १५ मे रोजी निघणारी पहिली तुकडी (कागदोपत्री 'स्कायलॅब २') २५ मेपर्यंत थांबवली गेली. नासामध्ये एकाच वेळी तीन कल्पनांवर काम चालले. एक, यानाच्या दारात उभे राहून ताणायचे कापड. दुसरी, अलाबामातल्या मार्शल केंद्राची: स्पेसवॉक करून दोन लांब काठ्यांवर दोरीने शीड चढवायचे. तिसरी ह्यूस्टनमधल्या जॅक किंझलर यांची. ते तिथल्या तांत्रिक कार्यशाळांचे प्रमुख होते. त्यांच्या लक्षात आले की वर्कशॉपच्या नेमक्या सूर्याकडच्या भिंतीत उपकरणे बाहेर काढण्यासाठी एक छोटे एअरलॉक आहे, वीतभर रुंदीचे. त्यातून बंद छत्री बाहेर सरकवायची आणि बाहेर गेल्यावर उघडायची. एकात एक सरकणाऱ्या मासेमारीच्या गळकाठ्या आणि कापड घेऊन त्यांनी ती कल्पना करून दाखवली. या रचनेत कुणाला बाहेर जावेच लागत नव्हते. मला तिन्हींतला हाच पर्याय पहिला वापरण्याचा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. स्पेसवॉकचा अनुभव तेव्हा तुटपुंजा होता. सगळ्यात कमी धोक्याचा उपाय आधी, आणि टिकाऊ उपाय मागाहून. यानात तीनही आडोसे भरले होते.

चंद्रावर जाऊन आलेले पीट कॉनराड कमांडर होते. त्यांच्यासोबत जो कर्विन आणि पॉल वाइट्झ. कर्विन अवकाशात गेलेले पहिले अमेरिकी डॉक्टर. दोन वर्षांपूर्वी, १९७१ मध्ये, सोव्हिएत संघाच्या सोयूझ-११ ची तुकडी साल्यूत-१ या पहिल्या स्थानकावर २३ दिवस राहिली होती आणि परतताना यानातली हवा निघून जाऊन दोब्रोवोल्स्की, वोल्कोव्ह आणि पात्सायेव हे तिघेही मरण पावले होते. स्थानकावर राहून जिवंत परतलेली तुकडी तोवर जगात एकही नव्हती, हे लक्षात ठेवून पुढचे वाचा.

पोचल्यावर कॉनराडच्या तुकडीने आधी अडकलेला पंख सोडवायचा प्रयत्न केला. यानाचे दार उघडून वाइट्झ कमरेपर्यंत बाहेर उभे राहिले, कर्विननी त्यांचे पाय धरले आणि कॉनराड यान स्थानकाजवळ राखत होते. आकडीच्या काठीने पंख ओढला की पंख हलायच्या ऐवजी यानच स्थानकाकडे ओढले जाई, आणि हिसका बसला की स्थानकाचे थ्रस्टर आपली दिशा सांभाळायला वायू सोडत. जमले नाही. त्यानंतर यान स्थानकाला जोडण्याची कळ अडली. वारंवार प्रयत्न फसले. शेवटी पोशाख घालून, यानातली हवा सोडून, पुढचे दार उघडून त्यांनी जोडणीच्या यंत्रणेतल्या तारा बदलल्या आणि यान थेट कड्यावर टेकवले. बारा खिट्ट्या बसल्या.

दुसऱ्या दिवशी, २६ मे रोजी, कॉनराड आणि वाइट्झ तापलेल्या वर्कशॉपमध्ये शिरले. मधून मधून थंड भागात येऊन दम खात त्यांनी छत्रीचे दांडे एकेक जोडत बाहेर ढकलले. कर्विन यानाच्या खिडकीतून पाहत होते. कापड सुमारे ६.७ मीटर बाय ७.३ मीटरचे होते. ते पूर्ण ताणले गेले नाही, सुरकुत्या राहिल्या. पण सावलीला ताण लागत नाही. तापमान लगेच उतरू लागले आणि काही दिवसांत राहण्याजोगे झाले. तोवर तिघे पुढच्या, गार भागात झोपत होते.

विजेचा प्रश्न मात्र उरलाच. पृथ्वीच्या निरीक्षणासाठी स्थानक सूर्यापासून वळवले तेव्हा बॅटऱ्या इतक्या उतरल्या की काही बंद पडल्या. एवढ्या विजेवर पुढच्या दोन मोहिमा निभणार नव्हत्या. मग राखीव तुकडीचे कमांडर रस्टी श्वाइकार्ट यांनी हंट्सव्हिलच्या पाण्याच्या मोठ्या टाकीत प्रतिकृतीवर पंख सोडवण्याची पद्धत बसवली आणि ती रेडिओवरून वर समजावून सांगितली. ७ जून रोजी कॉनराड आणि कर्विन बाहेर पडले. वीजवाहिन्यांवर काम करणारे लाइनमन वापरतात तसली कात्री, सुमारे साडेसात मीटरच्या काठीच्या टोकाला बांधलेली. कर्विनना ती पट्टीवर धरता येईना, कारण त्या भागात पाय रोवायला जागाच ठेवलेली नव्हती. तिथे कुणी काम करील असे आखणी करताना वाटलेच नव्हते. शरीर फिरत राही, नाडी प्रचंड वाढली. अखेर त्यांना जवळ एक कडी दिसली. आपली दोरी तिच्यातून दुमडून घेऊन त्यांनी ती आखूड केली, दोरी ताणून दोन पायांवर उभे राहिले आणि मग कात्रीचा जबडा पट्टीवर बसला.

पट्टी तुटली, पण पंख थोडासाच उघडून थांबला. त्याच्या बिजागरीतला, उघडण्याचा हिसका मंदावणारा तेलाचा दाबक गोठला होता. माझ्यासारख्या माणसाला या मोहिमेतली सर्वांत बोलकी गोष्ट हीच वाटते: एकाच स्थानकाची भिंत भाजून निघाली होती आणि तिच्यावरचीच बिजागरी थंडीने आखडली होती. सावलीत राहिलेला, आतून ऊब न मिळणारा भाग असाच गारठतो. दाबक सोडवण्याची सोय आधीच योजून ठेवलेली होती. पंखाला बांधलेली दोरी स्थानकाला समांतर ताणली, कॉनराड तिच्याखाली खांदा घालून उभे राहिले, दोघांनी जोर लावला आणि दाबक सुटला. दोघेही हिसक्याने बाहेर फेकले गेले, सुरक्षादोऱ्यांनी धरले. पंख पूर्ण पसरला होता. पुढच्या काही तासांत त्यातली पॅनेल उन्हाने ऊबदार होत एकेक उलगडली आणि स्थानकाला सुमारे तीन किलोवॉट वीज जादा मिळू लागली.

२८ दिवस राहून २२ जूनला तिघे सुखरूप परतले. छत्रीचे नायलॉन अतिनील किरणांनी जीर्ण होईल ही भीती होतीच, म्हणून ६ ऑगस्ट रोजी दुसऱ्या तुकडीच्या गॅरियट आणि लौस्मा यांनी मार्शलचे दोन काठ्यांचे शीड छत्रीच्या वरून चढवले. पुढच्या दोन तुकड्या ५९ आणि ८४ दिवस राहिल्या.

माणसांऐवजी यंत्र पाठवता आले असते का, असेही तुम्ही ओघात विचारले आहे. छत्री कदाचित उघडता आली असती. पण ती कडी कुठल्याच योजनेत नव्हती. ती जागेवर सापडली. त्या काळाच्या कुठल्याही यंत्राला ते जमले नसते असे मी ठामपणे म्हणेन.

कवच मुळात का फाटले याची चौकशी ब्रूस लंडिन यांच्या अध्यक्षतेखालील मंडळाने केली. तांत्रिक कारण सरळ होते: कवचावरून जाणाऱ्या एका बोगद्यासारख्या आवरणाचे मागचे टोक नीट बंद नव्हते, त्यातून हवा आत आली आणि कवच उचलले गेले. त्याहून महत्त्वाचे निरीक्षण माणसांबद्दलचे होते. कवच हा टाकीचाच भाग मानला गेला, त्यामुळे त्याची संपूर्ण जबाबदारी असलेला एकही अभियंता नव्हता. वर्षानुवर्षांच्या तपासण्यांत कक्षेत ते उघडेल का यावर भरपूर खल झाला, उड्डाणात ते टिकेल का हा प्रश्न मात्र पुरेशा गांभीर्याने कुणी विचारला नाही. तापनियंत्रणवाले, उल्कासंरक्षणवाले, वायुगतिकीवाले सगळे आपापल्या परीने बरोबर होते. दोन विभागांच्या सीमेवर असलेल्या भागांकडे मी आयुष्यभर संशयाने पाहत आलो, तो धडा याच अहवालातला.

तिसरा प्रश्न. ११ जुलै १९७९ ची आठवण आपल्याकडच्या जुन्या माणसांना आजही आहे. स्कायलॅब डोक्यावर पडणार या धास्तीने देशभर घबराट होती. ते हिंद महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात एस्परन्सच्या परिसरात पडले. पण १९७३ च्या मोडतोडीशी त्याचा थेट संबंध नाही. सूर्याची सक्रियता अपेक्षेपेक्षा जास्त वाढली, त्याने वरचे वातावरण फुगले, घर्षण वाढले आणि कक्षा लवकर खाली आली. स्पेस शटल पाठवून स्थानक वर ढकलायचा विचार होता, पण शटलचे पहिले उड्डाणच एप्रिल १९८१ मध्ये झाले. उलट एक पंख कमी असल्याने हवेला अडणारे क्षेत्रफळ थोडे घटलेच होते. धागा जोडायचाच तर एवढा जोडता येईल की पहिल्या दहा दिवसांत भिंत वाचवायला जो नायट्रोजन उडाला तो परत मिळाला नाही, आणि १९७८ मध्ये नियंत्रकांनी स्कायलॅब पुन्हा जागे केले तेव्हा त्यांना उरलेल्या थोड्या वायूवरच ते सांभाळावे लागले.